पर्रा-बिजन्याचे दुकान दामिनीला

मी शकुबाई, देवाजी कापगते यांची विधवा, मूळची भंडाऱ्याकडची, राहणार रिसाली, भिलाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था सांगते. मला अक्षर येत नाही. शेजारचे अरुणकुमार लिहून राहिले आहेत. माझी बोली ते सुधारतात, सुधारू द्या. इच्छा माझीच आहे.

रिसालीचे घर मुलगा हेमराज याला. त्याच्या बाबांनी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीपुढे राबून ते बांधले.

सोन्याची पोत सून जया हिला. ती माझ्याशी हिंदीत भांडते आणि मराठीत चहा विचारते. पोत चहासाठी आहे.

सुपेला बाजारातले लग्नसामानाचे दुकान माझ्या नावे आहे. हेमराजला ते मोबाइलवाल्याला विकायचे आहे. ते मी त्याची मुलगी दामिनी हिला कायमच्या मालकीने देते. अरुणकुमार म्हणतात, कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

आमच्याकडून मराठी घरे बाशिंग-मुंडावळ्या नेतात. खेड्यातली छत्तीसगढी माणसे पर्रा-बिजना नेतात, म्हणजे लग्नातली बांबूची परडी आणि पंखा. ज्याच्या त्याच्या बोलीत बोलले की माणूस बसतो, आणि बसलेला माणूस साऱ्या लग्नाचे सामान घेतो. याच बोलण्याच्या कमाईवर हेमराज शिकला. पण घरात तो मुलांना छत्तीसगढी बोलू देत नसे. गावंढळ वाटते म्हणे. दामिनी ती माझ्याजवळ दुकानात बसून शिकली.

मागच्या लग्नसराईत मी आजारी होते, म्हणून तो गल्ल्यावर बसला. एका म्हाताऱ्या बापाने मुलीसाठी छत्तीसगढीत पर्रा-बिजना मागितला. याने सांगितले, हिंदीत बोला, तर समजेल. म्हातारा उठला, आणि त्याच्या मागे त्याचे सारे गाव दुसऱ्या दुकानी गेले.

मी विचारले, "कावून रे, तुले समजलं नव्हतं?"

तो म्हणाला, "समजलं होतं, माय."

तेच मला लागले.

दामिनी सामान घेऊन त्या गावी गेली. अंगणात खाली बसून म्हणाली, "कका, बिहाव कब हे?" म्हणजे काका, लग्न कधी आहे? आपल्या बापाच्या वतीने माफी तिने त्यांच्याच बोलीत मागितली. गाव परत आले. विकून पैसा एकदा येईल, बोलून दर लग्नसराईला येईल.

हेमराज दुकानात आला तर दामिनीने त्याला स्टूल द्यावे, गल्ला देऊ नये. ज्या दिवशी खेड्यातल्या गिऱ्हाइकाला पाहून तो स्वतः उठेल आणि "बइठव", म्हणजे बसा, म्हणेल, त्या दिवशी गल्ल्यावर बसवावे. तोवर पोरी, बाप आहे, चहा पाजत जा.

हे मला वाचून दाखवले. ऐकून, समजून अंगठा देते.

शकुबाई देवाजी कापगते (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार: अरुणकुमार
साक्षीदार: १. धनंजय (सही) २. वसुंधरा (सही)
रिसाली, भिलाई, १२ फेब्रुवारी २०२४