न मोडलेली कुऱ्हाड

पेरणीचा दुसरा महिना, दिवस ३
पोहोचलो बाबा एकदाचा! अठरा दिवस नाईलमधून होडीत बसून बूड सुजलं, पण कुश देशाच्या सीमेवरचा हा किल्ला दिसला आणि सगळा शीण गेला. धाकटा भाऊ आंखू इथे शिपाई आहे. त्याला धडधाकट घरी आणीन असा आईला शब्द दिलाय, म्हणून तर शस्त्रशाळेतलं काम पत्करलं. आंखूने मिठी मारली आणि विचारलं, आईने कांदे पाठवलेत की नुसतं तुलाच पाठवलंय.

दिवस ५
काम सवयीचंच आहे. दांड्याच्या खाचेत कुऱ्हाडीचं पातं बसवायचं, ओल्या कातड्याची वादी आवळून गुंडाळायची आणि उन्हात ठेवायची. वाळताना वादी अशी आकसते की बैल जुंपले तरी पातं निघत नाही. इथले जुने कारागीर हेपू म्हणाले, गाठ बरी मारतोस, तोंड जरा कमी चालव.

दिवस ९
सरदार नेहरी तापाने गेले. योद्ध्याची कुऱ्हाड मोडूनच थडग्यात ठेवायची, तरच ती त्याच्यासोबत पलीकडे जाते. हेपूंनी ती मोडायला माझ्याकडे दिली. असलं पातं मी जन्मात पाहिलं नव्हतं! आंखूची कुऱ्हाड म्हणजे सरपण फोडायच्या लायकीची. मी तीच मोडली, कापडात गुंडाळून थडग्यात ठेवली आणि नेहरींची नव्याने बांधून आंखूला दिली. मेलेल्याला काय कळतंय?

दिवस १२
आज चकमक झाली. आंखूने सात डोकी फोडली, एकाचा खांदा छातीपर्यंत उतरवला. सगळा किल्ला वाहवा करत होता. त्याचं तोंड मात्र पांढरंफटक. म्हणाला, दादा, मी मारत नव्हतो, हात ओढला जात होता.

दिवस १३
वादी पात्यावरून उतरून त्याच्या मुठीवर चढलीय. पाण्यात भिजवली की वादी सैल पडते. ही आणखी आवळली. बोटं काळी पडलीत. हेपूंनी पातं ओळखलं आणि माझ्या थोबाडीत ठेवून दिली. म्हणाले, अरे गाढवा, नेहरीने मारलेले सगळे पलीकडे टपून बसलेत आणि तू त्याला स्वतःच्या कुऱ्हाडीविना धाडलंस! आता तो ती कुऱ्हाड ओढून घेणार, धरणाऱ्यासकट.

दिवस १४, सकाळ
हेपू गेले. आंखूने — नाही, कुऱ्हाडीने. भाकरी खाताना, सगळ्यांदेखत. कवटी दुभंगली. आंखू रडत होता आणि त्याचा हात पुन्हा वर जात होता. चौघांनी दाबून धरला. मनगट मी तोडलं. दोन घाव लागले. माझ्याच भावाचं.

दुपार
आंखू जगेल. जखम डागली, माझ्या खाटेवर निजवलंय. तुटलेल्या मुठीतून दांडा सुटत नाही, तसाच दगडावर ठेवला. घण उचलला. एकच घाव घातला. पात्याला ओरखडाही नाही. वादी सुटली. ओली, गरम. माझ्या मनगटा—

अजून दुपारच
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या मुठीला वादीने कुऱ्हाड आवळलीय, बोटं दिसत नाहीत. हाका मारल्या, पण सगळे हेपूंना पोचवायला गेलेत. पाय दाराकडे वळत नाहीत — खाटेकडे वळतात. आंखू, ऊठ रे. ऊठ, पळ. गुंगीत आहे, ऐकू जात नाही. आई, मी शब्द — हात वर जातो