न दुखवणारं लोखंड

प्रिय बाबा,

परवा उमरेडला कुणीतरी मिनूला विचारलं, "कोणी शिकवलं वं तुले?" आणि तुमची नात छाती पुढे काढून म्हणाली, "माझ्या आजोबांनी!" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात रडून झालं, तुमचे कपडे वाटून झाले, पण तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं होतं. म्हणून हे लिहायला बसले. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. मी लावणार आहे. तुमचीच मुलगी ना!

कोळसा खाणीच्या कॉलनीमागचं ते सहा होलचं गोल्फचं मैदान अजून आहे, बरं का. होलभोवती बॉल ढकलायच्या जागी गवत नाहीच, अजूनही तीच रेती आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर ओतलेलं वर्कशॉपमधलं जळकं ऑइल. मिनूच्या पांढऱ्या मोज्यांची वाट लागली. मुलांची मॅच होती, ती दुसरी आली. तुम्ही असता तर पहिली का नाही म्हणून विचारलं असतंत, हो की नाही?

मला मात्र ते मैदान पाहून तुमचा रविवार आठवला. आठवडाभर तुम्ही टूलरूमचे फोरमन, लोक तुम्हाला वचकून असायचे. रविवारी तुम्ही गोल्फवाले. गोरा मॅनेजर देश सोडून जाताना त्याच्या काठ्या तुम्हाला देऊन गेला होता. घडीव लोखंडाचं डोकं, पातळ, सुरीच्या पात्यासारखं. सगळं वजन मधोमध. बॉल बरोबर मध्यावर लागला तर हाताला कळतही नसे. जरा कडेला लागला की काठी मुठीत पिळवटायची आणि कळ थेट कोपरापर्यंत जायची. कळ ओसरायच्या आत पाठीत तुमचा रट्टा बसायचा. एका चुकीला दोन मार! मुलगी म्हणून मला तरी सोडायचं होतंत. पण नाही, मारण्याच्या बाबतीत तुम्ही मुलगा-मुलगी असा भेद कधीच केला नाहीत.

आणि ते भुई मारणं! जगात दुसऱ्या कुठल्या बापाला हे सुचलं असेल का हो? मे महिन्यात काळी माती तापून दगड झालेली, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. तुमची दोन पोरं, प्रकाश आणि मी, शेजारी शेजारी उभे. बॉल नाही, काही नाही. नुसती काठी उचलायची आणि जमिनीवर हाणायची.

"मारा! भुई मारा! हाताले समजू द्या," तुम्ही ओरडायचात. "चुकलं का दुखलं पाहिजे. दुखलंच नाही त माणूस शिकन कसा?"

माझ्या तळहातांना फोड यायचे. ते फुटायचे, आणि पुढच्या रविवारी त्याच फोडांवर काठी धरायची.

प्रकाश चौदा वर्षांचा असताना त्याची काठी मातीखालच्या दगडावर बसली. मनगटात काहीतरी कडकन मोडल्याचं मीसुद्धा ऐकलं. तुम्ही ते मनगट धरून दाबलंत, पिळलंत, आणि म्हणालात, "नाटक करून राहिला साला. मार!" त्याने मारली, बाबा. मोडक्या हाताने त्याने भुई मारली. संध्याकाळी हात भोपळ्याएवढा सुजला. आईने आंबेहळद उगाळून लावली आणि ती पहिल्यांदा तुमच्यावर ओरडली, "अवो, पोराचा हात मोडला ना तुमी!" तेव्हा तुम्ही जेवणाचं ताट भिंतीवर फेकलंत. वरणाचा तो डाग आपण क्वार्टर सोडेपर्यंत तिथे होता. प्रकाशचं डावं मनगट वाकडंच जुळलं. ते पुन्हा कधी पुरतं वळलं नाही.

अठराव्या वर्षी त्याने परतफेड केली. त्या दिवशी त्याचा बॉल कडेला लागून बाभळीत गेला. तुम्ही काठी उगारलीत, पण त्याची आधी फिरली. ती तुमच्या जबड्यावर बसली. तुम्ही मागे कोसळलात आणि तोंडातून रक्त आणि दात बाहेर पडले. मी किंचाळले. आणि तुम्ही काय केलंत? हसलात! त्या रक्ताळलेल्या तोंडाने हसून त्याला म्हणालात, "आता बरोब्बर मारलं."

ते हसू पाहून प्रकाश घाबरला. मार खाताना तो तुम्हाला कधी एवढा घाबरला नव्हता. त्याच दुपारच्या एसटीने तो नागपूरला आणि तिथून थेट जालंधरला गेला. तुम्ही घरात त्याचं नाव काढायची बंदी केलीत. आई त्याचं नाव न काढताच गेली. याचा मला अजून इतका राग येतो की हे लिहितानाही दात आवळले जातात.

लग्न होऊन नागपूरला आल्यावर मी मात्र त्याला भेटत होते. हे तुम्हाला ठाऊक होतं, मी कधी लपवलं नाही. तो जालंधरला खेळाचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. माल घेऊन मद्रासकडे जाताना नागपूर स्टेशनवर गाडी थांबली की मी डब्यात भाकरी आणि झुणका घेऊन हजर. तो खात खात बगलेतलं गुंडाळं सोडायचा. पहिल्यांदा त्याने आणली ती काठी बघून मला हसूच आलं. तुमच्यासारखंच पातं, पण पाठीमागे दोन्ही टोकांना लोखंडाचे गोळे जोडलेले. पुढच्या खेपेला गोळे गेले आणि पाठ कोरून पोकळ झाली. मग घडीव जाऊन ओतीव डोकं आलं, चांगलं जाड बूड असलेलं.

"ताई, बाहेरच्या देशात निघालं हे," तो सांगायचा. "आमी नमुना पाहून मेणाचं करतो, मंग साचा करून ओततो. मधातलं वजन काढून कडेले टाकलं, पाह्य. बॉल कडेले लागला तरी काठी हातात फिरत नाही. कळ येत नाही. रोज खेळणाऱ्या मोठ्या लोकाईसाठी नाही हे. आपल्यासारख्या रविवारवाल्यासाठी हाय."

त्याने मिनूसाठी एक आखूड दांड्याची काठी बनवली, आणि एक मोठी. मोठी कुणासाठी ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

तुम्ही रिटायर होऊन नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आलात, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी निवळलात. मिनूला पहाटे हुडकेश्वरच्या बाजूच्या मोकळ्या रानात न्यायचात. येताना तिच्या हातात बोरं असायची. मी शेजारणीला कौतुकाने सांगायचे, आमचे बाबा नातीला खेळ शिकवतात म्हणून. किती मूर्ख होते मी!

उन्हाळा लागला आणि एका दुपारी मिनूच्या हातातला चमचा गळून पडला. मी तिची मूठ उघडून पाहिली. तळहात फोडांनी भरलेला! ती म्हणाली, "आई, आम्ही भुई मारतो ना." जणू लगोरी खेळतो म्हणतेय असं.

बाबा, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशची मोठी काठी घेऊन मी तुमच्या मागोमाग आले. मी पोचले तेव्हा मिनूचा बॉल नुकताच भलतीकडे गेला होता आणि तुमचा हात वर होता. मी धावत येऊन तुमचं मनगट धरलं.

"सोड."

"नाही सोडत."

"काहून वं? बापावर हात टाकून राहिली?"

"हो, टाकून राहिली!"

तुम्ही हिसका दिलात, मी पीळ दिला. तुमचं हाड माझ्या मुठीत होतं आणि मी ते मोडणार होते. खोटं कशाला बोलू? ते मोडलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तुम्ही गुडघ्यावर आलात. मिनू ओरडत होती, "आई, नको! आई, नको!" तिच्यामुळे तुमचा हात वाचला, माझ्यामुळे नाही.

मग मी ती काठी तुमच्या पुढ्यात टाकली. "हे घ्या. तुमच्या पोरानं बनवलं. मारा आता याच्यानं."

तुम्ही उठलात, धूळ झटकलीत. काठी उलटीसुलटी करून पाहिलीत आणि थुंकलात. "हे का लोखंड हाय? वरण वाढाची पळी हाय हे." तरी मारलीत. मुद्दाम कडेने मारलीत, मी पाहत होते. बॉल थोडा तिरका गेला, पण गेला. तुम्ही थांबून तळहाताकडे पाहिलंत. दुसरा बॉल दुसऱ्या कडेने मारलात. तोही गेला. मग तुमचं डोकं फिरलं. पिशवीतले सगळे बॉल मातीवर ओतलेत आणि एकेक मुद्दाम चुकवून हाणत सुटलात. टोकाने, बुडाने, वाट्टेल तसे. घामाने सदरा पाठीला चिकटला, तोंडात शिव्या.

"दुखत काहून नाही? अरे, काहून नाही दुखून राहिलं?"

काठीला मारत होतात की स्वतःला, मला कळेना. शेवटी बॉल संपले. तुम्ही धापा टाकत, कुणाकडेही न पाहता विचारलंत, "मंग माणूस शिकन कसा?"

आणि मिनू, डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, बॉल कुठे गेला ते दिसतं ना. ते बघून शिकते मी."

तुम्ही तिथेच मातीत बसलात. मग तिच्याकडे पाणी मागितलंत.

त्यानंतर तुम्ही काठी हातात घेतली नाहीत. रोज तिच्याबरोबर यायचात, दगडावर बसून सांगायचात, "डोकं नको हालवू वं, माय. घाई नको करू." माय! तिच्या हातात प्रकाशची छोटी काठी असायची. म्हणजे ती परवा खोटं बोलली नाही. तिला शिकवलं तुम्हीच. मला राग त्याचाच आहे हो! हा माणूस तुमच्यात होता, तर आमच्या वाट्याला का नाही आला? आम्ही कोणाचं काय बिघडवलं होतं?

आणि प्रकाशला तुम्ही का बोलावलं नाहीत? मी विचारायचे, "लिहू का त्याला?" तुम्ही म्हणायचात, "पाहू." पाहू पाहू म्हणता एका सकाळी चपला घालताना दारातच गेलात.

तुम्हाला बर्फावर ठेवून आम्ही त्याची वाट पाहिली. तो आला. घाटावर खांद्यावर मडकं घेऊन फिरायचं, तर त्याचं डावं मनगट वळेना, मडकं घसरायला लागलं. मी पुढे होऊन खालून हात लावला. काका पुटपुटले, बायांनी घाटावर येऊ नये म्हणून. मी हात काढला नाही. तुम्हाला अग्नी आम्ही दोघांनी मिळून दिला.

परतताना प्रकाशने विचारलं, "ताई, बाबानं मारून पाहिली का माही काठी?"

"पाहिली."

"का म्हनलं?"

"दुखत नाही म्हणून शिव्या देत होते."

तो मोठ्याने हसला. मग रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा ओरडून रडला. मी त्याला रडू दिलं.

बाबा, भांडण संपलं. आता एक वचन देते. माझा हात तुमचाच आहे, मला ठाऊक आहे. दूध उतू गेलं, पाटी फुटली, की तो आपोआप वर जातो. मिनूवर तो पडणार नाही. आणि माझ्या शब्दावर तिने विसंबून राहू नये, म्हणून मी तिला शिकवून ठेवलंय: आईचा हात वर गेला तर भ्यायचं नाही, मनगट धरायचं आणि सोडायचं नाही. काल तिने धरलं. चांगली पकड आहे पोरीची.

तुमची,
शैला