अज्जांचे पाय

३ फेब्रुवारी
चिन्नी दहा महिन्यांची झाली, अजून बसत नाही. आज सोलापूरहून रिपोर्ट आला. स्नायूंच्या एका प्रोटीनच्या जनुकात एक अक्षर बदललंय, तेही दोन्ही प्रतींत — एक प्रत माझ्याकडून, एक नवऱ्याकडून, नंदीशकडून. असा बदल याआधी कुणात सापडला नाही, म्हणून डॉक्टर देवश्री मॅडमनी संगणकाला विचारलं. माशापासून माणसापर्यंत ते मूळ अक्षर तसंच आहे, तेव्हा संगणक म्हणतो — बहुधा घातक. खरं निघालं तर चिन्नी कधीच चालणार नाही.

बहुधा! लेकराच्या पायांबद्दल बहुधा!

४ फेब्रुवारी
लिहवत नाही.

८ फेब्रुवारी
आत्याच्याच मुलाशी लग्न, म्हणजे सासर नाहीच, असं मी आमच्या मुरुम गावभर मिरवलं होतं. आता आत्या चिन्नीला घेतच नाहीत. माझ्याच हट्टानं हे लग्न झालं, म्हणतात. मला त्यांच्यावर राग धरायचा होता. जमत नाही मेलं.

१३ फेब्रुवारी
सोलापूरला गेलो. अज्जाही हट्टानं आले — माझे आजोबा, आत्यांचे वडील. मॅडमनी पुन्हा विचारलं, घरात आधी नात्यात लग्नं झाली होती का. आत्या मागच्यासारखंच नाही म्हणाल्या. शिकलेल्या माणसांपुढं त्यांना लाज वाटते.

अज्जा म्हणाले, "खोटं कशाला? माझी आई माझ्या बापाची सख्खी भाची व्हती."

आत्यांचं तोंड एवढंसं झालं. मॅडम मात्र पुढं सरकल्या. हा बदल आम्हा दोघांत अज्जांकडूनच आला असणार, म्हणाल्या. त्यांच्यातही तो आई-बाप दोघांकडून आलाय का, ते तपासायचं.

"घ्या की रगत. लेकरापेक्षा जास्त हाय व्हय?"

२६ फेब्रुवारी
फोन नाही. ज्वारीची काढणी चालू आहे. अज्जा ऐंशीच्या पुढचे, तरी चालत शेतात जातात आणि चालत येतात. नंदीश त्यांच्या पायांकडं बघत बसतो, मीही बघते. दोन्ही प्रती बदललेल्या असून हे पाय चालत असतील तर संगणक चुकला! आणि एकच असेल तर? एक तर आम्हा दोघांतही आहे, त्यानं काहीच कळणार नाही. पुढचा विचार करवत नाही.

६ मार्च
अज्जांतही दोन्ही प्रती बदललेल्या! मॅडम म्हणाल्या, तो बदल निरुपद्रवी. चिन्नीचं बसणं का लांबलं, ते आता दुसरीकडं शोधायचं.

अज्जा ऐकून घेऊन शेताकडं निघाले. आत्यांनी चिन्नीला कडेवर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग गेल्या.