दारावरून नेलेला क्रूस

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, येरोलिम कुर्तेला, दिवंगत मातिये कुर्तेला यांचा थोरला मुलगा, वय एकोणऐंशी, धंदा पाथरवट, राहणार पोद्ग्राब, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी वाइनही पाजलेली नाही. १९९९ साली केलेले मृत्युपत्र मी फाडून चुलीत घातले आहे. त्यात मी स्वतःविषयी फार चांगले लिहिले होते.

१. राहते घर, मागची पाण्याची टाकी आणि अंजिराचे झाड माझी मुलगी लुक्रिया हिला द्यावे. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. घर विकायचे असेल तर विकावे, पण खालच्या गल्लीतल्या दलालाला नको. तो माणूस देवळात मिस्सा, म्हणजे उपासना, चालू असताना घड्याळ बघतो. हे लिहिले आणि लगेच लक्षात आले की तो घड्याळ बघतो हे मला ठाऊक आहे, म्हणजे मीही वेदीकडे बघत नव्हतो. ही अट रद्द समजावी.

२. छिन्न्या, ओळंबा, गुण्या आणि दोन्ही हातोडे विश्को लुपी याला द्यावेत. मोठा हातोडा त्याने १९८३ साली एका दिवसासाठी मागितला होता. मी म्हणालो, हत्यार आणि बायको उसनी देत नाहीत. सगळे हसले, तो रिकाम्या हाताने गेला. विश्को, उशीर झाला, पण दांडा नवा घातला आहे.

३. डोंगरउतारावरची एकेचाळीस ऑलिव्हची झाडे माझी पुतणी कातिया हिला द्यावीत. लुक्रियाने यावर वाद घालू नये. का, ते पुढे लिहितो. वकिलाने सांगितले की मृत्युपत्रात कारणे देण्याची गरज नसते. त्याला नसेल, मला आहे.

माझा धाकटा भाऊ प्रोश्पेर चार वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. गळा बंद होत आला होता. आमच्या बापाने देवळाच्या पायरीवर नवस केला की पोर जगले तर उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, हे पोर क्रूस वाहील. पोर जगले. आमच्याकडे क्रूस वाहण्याचा मान मागून लगेच मिळत नाही. क्रूसमंडळाच्या वहीत नाव घालावे लागते आणि पंचवीस-तीस वर्षे थांबावे लागते. १९७१ साली, मरायच्या आधी, बापाने त्या वहीत प्रोश्पेरचे नाव लिहिले. पाळी येणार होती १९९८ साली. मी शेजारी उभा होतो. माझे नाव त्याने लिहिले नाही. मी कधी आजारी पडलो नव्हतो, एवढाच माझा गुन्हा.

तीन वर्षांनी प्रोश्पेरने बंदरावरची नोकरी मिळावी म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वाचे लाल पुस्तक घेतले. त्या वर्षी जाळ्यात सार्डिन लागत नव्हते आणि घरात कातिया रांगत होती. मी क्रूसमंडळाच्या सभेत उठून म्हणालो, "ज्या हातात लाल पुस्तक आहे त्या हातात प्रभूचा क्रूस द्यायचा का?" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, त्याचे नाव खोडले आणि माझे लिहिले. सर्वांना वाटले मी श्रद्धेपोटी बोललो. मलाही तसेच वाटून घ्यायचे होते. खरे असे की मला मान हवा होता, आणि ख्रिस्ताचे नाव मी शिडीसारखे वापरले.

प्रोश्पेर त्या संध्याकाळी दारात आला. एवढेच म्हणाला, "येरो, मागितलं असतंस तर मी दिलं असतं." मी दार लावून घेतले. पुढची चोवीस वर्षे आम्ही बोललो नाही. घरे एकाच गल्लीत, सहा दारांचे अंतर.

१९९८ च्या उपवासकाळात त्याच्या फुफ्फुसात गाठ निघाली. पवित्र सप्ताहाच्या सोमवारी कातिया आली.

"काका, बाबा म्हणतात, एकदा येऊन जा."

"क्रूस उचलणाऱ्याने या दिवसांत मन शांत ठेवायचं असतं, पोरी. शुक्रवार होऊ दे, शनिवारी येतो."

बुधवारी ती पुन्हा आली. बसली नाही. "काका, शनिवारपर्यंत टिकतील असं डॉक्टर म्हणत नाहीत."

"मी प्रार्थना करतोय त्याच्यासाठी."

"प्रार्थना इथनं करता येते, ते मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "ते तुम्हाला बोलावतायत."

मी गेलो नाही. सहा दारे.

शुक्रवारी पहाटे निघालो. पांढरा झगा, अनवाणी पाय, खांद्यावर अठरा किलोंचा क्रूस. नेम असा की देवळातून निघाल्यावर परत देवळात येईपर्यंत वाहणाऱ्याने थांबायचे नाही, बोलायचे नाही, काही प्यायचे नाही. आसपासची तिन्ही गावे फिरून दुपारी आमच्या गल्लीत आलो. आजारी माणसांना दारात आणून बसवायची रीत आहे. प्रोश्पेरलाही खुर्चीत बसवले होते, घोंगडीत गुंडाळून. त्याची बायको दिंका मागे उभी. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता आणि पाणी घोंगडीवर सांडत होते.

"येरो," तो म्हणाला, "ओठ फुटलेत तुझे. एवढं घोटभर पी."

मी क्रूसावरच्या प्रभूच्या खिळलेल्या पायांकडे डोळे लावले आणि पुढे चालत राहिलो.

गावाने माझे फार कौतुक केले. सख्खा भाऊ दारात असून नजर ढळली नाही म्हणाले. बायका माझ्या झग्याला हात लावून क्रूसाची खूण करू लागल्या. शनिवारी सकाळी तोंड धुऊन, स्वच्छ सदरा घालून मी त्याच्याकडे निघालो, तर दारातच कातिया भेटली. तो पहाटेच गेला होता.

"रात्रभर विचारत होते," ती म्हणाली, "येरोला कोणी पाणी दिलं का पुढे?"

पापनिवेदनात मी त्या वर्षी शिव्या दिल्याचे सांगितले. उपवासात चीज खाल्ल्याचे सांगितले. हे सांगितले नाही. पुढे नऊ वर्षांनी फादर शिमे यांना सांगितले, तेव्हा ते तरुण होते, म्हणाले, "येरोलिमबाबा, तुम्ही नेम पाळलात, त्यात पाप कसलं?" त्यांनी क्षमा दिली. ती माझ्या अंगाला लागली नाही, कारण मी अजून त्या घरात पाऊल टाकले नव्हते.

४. मला त्या पांढऱ्या झग्यात पुरावे अशी रीत आहे. तो शोधू नये. त्याची मी फडकी केली. ती कोठे आहेत ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी दिंकाला अर्धांगवायू झाला. कातिया शाळेत शिकवते, सकाळी सातच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्याला जाते. मी पंधरा वर्षांनी ती सहा दारे चाललो आणि म्हणालो, सकाळचे मी बघतो. कातियाने किल्ली काढून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी दिंकाला सगळे सांगितले, वहीपासून पाण्यापर्यंत. तिचे अर्धे तोंड वाकडे, पण जीभ शाबूत. म्हणाली, "मला कशाला सांगता, भावोजी? ज्याला सांगायचं तो पंधरा वर्षं झाली मातीत आहे. त्याच्या वतीनं माफ करायला मी कोण?" मग म्हणाली, "आलाच आहात तर मला उठवा. चादर ओली झालीय."

मी तिला उठवले. पहिल्या दिवशी काखेत कळ गेली तिच्या. "सावकाश! लाकडाला एवढं जपलंत, हाडामांसालाही थोडं जपा." हे ती आजही म्हणते, अधूनमधून, मी जरा स्वतःवर खूश दिसलो की. मग मी झगा आणून फाडला आणि फडकी तिच्या पाठीखाली घातली. जुने सुती कापड मऊ असते, पाठीला घासत नाही.

आम्ही प्रार्थनाही करतो. ती म्हणते, लांबवू नका, रस्सा निवतो. चाळीस वर्षे मी देवळात पहिल्या बाकावर गुडघे टेकले, पण प्रभू समोर आहे असे मला वाटले ते तिचे पाय धुताना, आणि तेव्हा वर बघायची मला लाज वाटली. माफी मिळाली असे मी म्हणत नाही. तसे लिहून माझ्या मुलीची समजूत घालायची नाही.

५. अंत्यविधीच्या वेळी फादर शिमे यांनी माझी स्तुती करू नये. कलम तीन आणि चार मोठ्याने वाचावे. लुक्रियाला लाज वाटेल. पोरी, वाटू दे, तुझ्या बापाला वाटायला उशीर झाला. क्रूसमंडळाने माझी शवपेटी उचलू नये. विश्को आणि शेजारचे कोणी उचलतील तर उपकार होतील.

६. शेवटचे आणि सर्वांत तातडीचे. मी बहुधा पहाटेच जाईन. आमच्या घराण्यात तसेच जातात. मी गेलो असे ज्याला कळेल त्याने घंटा वाजवायला धावू नये. बोट सुटलेली असते, कातिया गेलेली असते आणि आठ वाजता दिंका दाराकडे बघत पडलेली असते. आधी तिच्याकडे जावे. डाव्या बाजूने उठवावे, उजवा हात ओढू नये. तोंड धुवावे, कोमट दूध द्यावे, त्यात ब्रेड कुस्करून. ती चिडेल, बोलेल, बोलू द्यावे. तिचे पिऊन झाले की मग माझ्यासाठी घंटा वाजवावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, खाडाखोड माझीच आहे.

येरोलिम कुर्तेला (सही)

आम्हां दोघांसमोर येरोलिमने सही केली. सही वाकडी आली, मन सरळ होते. या कागदाने आम्हांला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: निकोलिना जुवेतिच, सुईण (निवृत्त) (सही)
साक्षीदार: फादर शिमे ब्रात्किच, धर्मगुरू. कलम पाच वाचले. वाचीन. (सही)

पोद्ग्राब, १४ नोव्हेंबर २०१६