एकाच फोटोतला ठिपका

भावोजी,

दुर्बिणीच्या फोटोंसाठी आमचा साधा नियम आहे. ठिपका एकाच फोटोत दिसला तर धूळ समजायची. दुसऱ्यातही दिसला, तरच तारा.

ताई छातीचा एक्स-रे घेऊन आधी माझ्याकडे आली होती, हे तिने तुम्हाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी एका ठिपक्याभोवती गोल काढून पुढची तपासणी सांगितली होती.

"तू रोज ठिपकेच बघतोस ना? मग हाही बघ."

मी चहा पिता पिता म्हणालो, "धूळ आहे गं, वेडाबाई." ती हसत घरी गेली.

दुसरा एक्स-रे आठ महिन्यांनी निघाला. ठिपका तिथेच होता, लिंबाएवढा.

काल स्मशानातून परतताना तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तिला खरा धीर दिला तो यानंच."

दिला, भावोजी. आठ महिने पुरेल एवढा दिला.

न टाकायच्या पत्रात तरी खरं बोलणारा,
तुमचा मेहुणा