पुठ्ठ्यावरची ओळ

दि. ९ ऑगस्ट, सकाळ

चि. छोटीस आशीर्वाद. हे पत्र शेवटपर्यंत वाच; मग आशीर्वाद नकोसा वाटला तर पत्रासकट परत पाठव.

इकडे मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण बोनेटखाली वाकायचं म्हटलं की निमूट वाकतो. मागच्या खोलीचं छत गळतं. तू असतानाही गळत होतं, तेव्हा ही काही बातमी नव्हे.

फोन न करता लिहितोय. फोनवर मी भाषण करतो. दादाकडे पाणी मागितलं की आधी पाण्याचा इतिहास ऐकावा लागतो, असं तूच म्हणायचीस. कागदावर निदान खोडता येतं.

गाडी मोडीत काढ, असं लिहिलंस. तुझा राग मला कळतो. पण ती चालते, छोटी. तीन लाख सत्तावीस हजार किलोमीटर झाले. दर पाच हजाराला ऑइल, बाजारात दहाचा दाखला देतात तरी पाचलाच. पावसाळ्याआधी दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करतो; पाणी साचलं की पत्रा आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत हसत राहतो. चाकं आलटूनपालटून लावतो. सकाळी चालू केली की मिनिटभर नुसता ऐकत बसतो. जुनी गाडी आणि म्हातारं माणूस, दोघंही दुखणं आधी आवाजात सांगतात. टाकून देणं हा आळस आहे आणि त्या आळसाला आपण प्रगती म्हणतो, हे मी वीस वर्षं सभांतून ओरडून सांगितलं. अजूनही ते मला खरं वाटतं. म्हणून तर पुढचं लिहिणं जड जातंय.

तुझ्या पत्रात गाडीच्या खाली आणखी एक ओळ आहे. गेल्या महिन्यात इकडे येऊन गेलीस (घरी आली नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही), तेव्हा आपली गाडी दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका टायरच्या दुकानात लोकांच्या चाकांत हवा भरताना दिसले. तू लिहिलंयस, ‘केलं तसं भोगतोय.’

ती ओळ मी आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय.

आईचा पुठ्ठा तुला आठवतो. डॅशबोर्डच्या कप्प्यातला, चार रकान्यांचा: काम, तारीख, आकडा, हात. आई जन्मभर गिरणीत कापड तपासायची, प्रत्येक ताग्यावर तपासणारीची सही. तीच शिस्त तिने गाडीला लावली. काम कोणी केलं त्याचं नाव ‘हात’मध्ये. पुठ्ठा वाचल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवायची नाही. बाबा हयात असताना म्हणायचे, ही लग्नाआधी माझाही पुठ्ठा मागणार होती, मी हरवला म्हणून सांगितलं.

सतराव्या ओळीत लिहिलंय: टायमिंगचा पट्टा बदलला. हात, मिस्त्री.

इंजिनातला हा पट्टा फार दुष्ट असतो. ऑइल काळं पडतं, ब्रेक किंचाळतो, टायर गुळगुळीत होतो. पट्टा झाकणाआड असतो आणि काहीच सांगत नाही. तुटतो त्याच क्षणी आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि गाडी जागच्या जागी मरते. मिस्त्रीकाकांनी मला दोनदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा दिवसही ठरवून दिला, सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. त्या दिवशी माझं व्याख्यान होतं. विषय सांगायलाही लाज वाटते: ‘दुरुस्तीचा धर्म’. मला गाडी मंचाशेजारी उभी करायची होती, लोकांनी किलोमीटरचा आकडा बघावा म्हणून. लोकांनी बघितला. टाळ्या पडल्या. घरी आलो तर आई दारातच विचारत होती, “झाला का पट्टा? लिहिलंस का?”

मी लिहिलं. तिच्यासमोर, त्याच पेनने. पुढच्या आठवड्यात खरंच करून घेऊ, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल, असा हिशेब होता. पुढच्या आठवड्यात दुसरी सभा होती.

सात महिने गेले.

त्या सकाळी आईला धाप लागली, तू फोनवर म्हणालीस की अँब्युलन्स बोलाव, आणि मी म्हणालो, आपली गाडी दारात उभी आहे, तिचा खिळा न् खिळा मला माहीत आहे. इतकं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. आई सीटवर बसण्याआधी थांबली. बोलवत नव्हतं तिला, पण हात कप्प्याकडे गेला. पुठ्ठा काढून सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “झालाय, आई. बस.” ती बसली.

पुलाच्या चढावर गाडी थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ, पुढे मोकळा रस्ता. दुसरी गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. त्या वाक्याला धरून मी दोन वर्षं लोंबकळतोय.

पुठ्ठा तू वाचलास आणि सरळ अर्थ लावलास: मिस्त्रीने जुनाच पट्टा ठेवून नवा बसवला म्हणून सांगितलं. घरात माणसं भेटायला बसली होती, त्यांच्यात मिस्त्रीकाकाही होते, तेव्हा तू काकांना नको नको ते बोललीस. मी शेजारच्या खुर्चीत होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तुला म्हणाले, “बाई गेल्या, ताई. आता पट्ट्याचं काय बोलायचं?” आणि पाण्याचा पेला न उचलता गेले. नंतर तुझ्या औषधाच्या दुकानात जो जो आला त्याला तू सांगत गेलीस. गाव सोडून सासरी जाईपर्यंत सांगत होतीस. वर्षभरात त्यांच्या गॅरेजला कुलूप लागलं. कुलूप लागण्याआधी त्यांनी शेवटचं इंजिन जोडलं ते आपलं. वाकलेले व्हॉल्व्ह एकेक बदलले आणि मला एक शब्द विचारला नाही. तू वाईट नाहीस, छोटी. तू लिहिलेल्यावर विश्वास ठेवलास. आईनेही तेच केलं होतं.

परवा मी टायरच्या दुकानात गेलो. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. मी विचारलं, इतके दिवस गप्प का राहिलात, एका वाक्यात सुटला असता. त्यांनी हवेची नळी काढली, टोपण फिरवलं, मग म्हणाले, “तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. तुम्ही बोलणारी माणसं.”

ते पुढच्या गाडीकडे वळले आणि मी माझ्या चाकांत हवा बरोबर आहे की नाही हेही न विचारता परत आलो.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात माझं भाषण आहे. तिथे हेच सांगणार आहे, पाल्हाळ न लावता. पण तेवढ्याने भागणार नाही. टाळ्या वाजवणारे लोक कबुलीलाही टाळ्या वाजवतात. तू ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांची नावं आठवतील तेवढी लिहून पाठव. मी एकेका दारात जाईन. गॅरेज उघडेल की नाही मला माहीत नाही. त्यांचं वय झालंय, आणि गेलेलं नाव काही सुट्या भागासारखं दुकानात मिळत नाही.

गाडीचं तू म्हणशील तसं करीन. मोडीत म्हणालीस तर मोडीत.

पुठ्ठा सोबत पाठवतोय. सतरावी ओळ खोडलेली नाही. आई म्हणायची, खोडणारा दोनदा खोटं बोलतो. तळाशी एकच ओळ रिकामी होती. ती भरली आहे.

काम: टायमिंगचा पट्टा. केलं नाही.
तारीख: व्याख्यानाच्या दिवसाची.
आकडा: २,९८,४००.
हात: माझा.

दादा