रफूच्या व्हिडिओतला वन्संचा हात

तीर्थरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, तेव्हा माझ्या तब्येतीबद्दल निराळं लिहीत नाही.) तुमची तब्येत ठणठणीत असणारच. तुम्ही ज्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेलात, तिथल्या मुलींच्या तब्येतीची मात्र आम्हाला काळजी वाटते. तुमचे बंधू मजेत आहेत. तुम्ही गेल्यापासून ते ओला टॉवेल खुशाल पलंगावर टाकतात आणि मीही काही बोलत नाही, कारण ते खातं तुमच्याकडे होतं. बाकी तुमची आठवण वगैरे फारशी येत नाही. काळजी नसावी.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. लाँड्रीतल्या खिडकीजवळचं माझं रफूचं टेबल तुम्हाला आठवत असेल. (न आठवून कसं चालेल, त्याचा पाय डुगडुगतो हे तुम्ही रोज सांगत होतात.) तर ते टेबल आता जायच्या बेतात आहे. लाँड्रीवाल्यांना त्या जागी कपडे वाळवायचं मोठं यंत्र बसवायचंय. माणूस भला आहे, तोंडावर हाकलत नाही. ‘गिऱ्हाईक वाढलं तर जागा तुमची, नाहीतर यंत्राची,’ एवढंच म्हणाले. आणि गिऱ्हाईक येतं ते व्हिडिओ बघून, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पहिल्या व्हिडिओनंतर कशी रांग लागली होती! कोटाच्या कोपरावरचं जळकं भोक मी बुजवत होते आणि तुमचे बंधू फोन धरून उभे होते. तेवढ्यात मध्येच तुमचा हात आला, त्याने कोट उलटा केला आणि मागून आवाज आला, ‘अगं, वरून काय दाखवतेस? वरून सगळेच शहाणे दिसतात. उलटी बाजू दाखव त्यांना.’ लोकांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवून पाठवून पार झिजवला. मग तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही दम भरलात की पुन्हा माझा हात दिसला किंवा आवाज ऐकू आला तर याद राख. मी याद राखली. तेव्हापासून माझ्या व्हिडिओत सुई असते, दोरा असतो, मी असते आणि बघायला कोणी नसतं. बघणारे मोजायला हाताची बोटं पुरतात आणि त्यातलं एक बोट तुमच्या बंधूंचं.

त्यावर ह्यांनी कुठूनसं शोधून काढलं की चॅनल वाढवायचं तर ‘कोलॅब’ करावं लागतं. म्हणजे दुसऱ्या कुणा व्हिडिओवाल्याबरोबर मिळून एक व्हिडिओ करायचा, मग त्याची माणसं आपल्याकडे येतात आणि आपली त्याच्याकडे जातात. मला हे ऐकायला बरं वाटलं. (शेजारणींनी वाटी देऊन वाटी घ्यावी तसं. फक्त आपली वाटी रिकामी आहे हे आधी सांगायचं नसतं.)

पहिला मिळाला तो एक व्यायामवाला. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. समोर नाही, समोर आम्ही त्याला सर म्हणतो. बेत असा की त्याने लाँड्रीत बैठका काढायच्या, त्यात त्याची पँट उसवायची आणि मी ती तिथल्या तिथे शिवायची. बेत बरा होता, पण पँट ऐकेना. ती ताणणाऱ्या कापडाची निघाली. तो बिचारा उठतोय, बसतोय, घामाने निथळतोय, इस्त्रीवाला हातातली इस्त्री ठेवून मोजतोय, आणि पँट ढिम्म. शेवटी त्याला हात देऊन उठवताना माझ्याच ब्लाउजची बाही काखेत टर्रकन फाटली. मग त्याने मला वजनं उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी हात असे कापत होते की सुईत दोरा ओवायलासुद्धा ह्यांना बोलवावं लागलं. त्याची माणसं आली हो, नाही असं नाही. त्यांनी विचारलं, खांदे रुंद दिसायला काय करावं? मी लिहिलं, आतून पॅड लावून घ्यावेत. त्यानंतर ती आली नाहीत. माझ्याकडून त्याच्याकडे एकटे तुमचे बंधू गेले, आणि हल्ली सकाळी चार बैठका काढून दिवसभर गुडघा धरून बसतात.

दुसरी मिळाली ती आवराआवरवाली. ही लोकांच्या घरी जाऊन त्यांची कपाटं उघडते आणि वर्षभरात जे वापरलं नाही ते पोत्यात भरून बाहेर काढते. ती फेकणारी आणि मी जपणारी, म्हणजे जोडी नामी. ती आपल्या घरीच आली. तिने तिचा फोन स्टँडवर लावला, मी माझा डब्यांना टेकवून ठेवला आणि कपाट उघडलं. पहिल्याच झटक्यात तिने ह्यांचा करडा स्वेटर पोत्यात घातला. तोच, तुम्ही विणलेला, एक बाही लांब असलेला. मी पोत्यातून काढला. तिने पुन्हा घातला. वन्सं, मग मी भांडले. तुमच्याकडून जे जे शिकले ते सगळं त्या दिवशी उपयोगी पडलं. ती म्हणाली, तुम्ही लोक घराचं भंगार करता. मी म्हटलं, तुमचा नवरा वर्षभर बोलला नाही तर त्यालाही पोत्यात घालाल का? ती इतकी हसली की त्या पोत्यावरच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आईची एक ओढणी मीही पलंगाखाली लपवून ठेवलीय, बघणाऱ्यांना कळलं तर माझी छीथू होईल. रिक्षा करून जाऊन ती घेऊनही आली. काठाला फाटली होती. मी तिथेच बसून रफू केलं. तिने काय केलं असेल? ओढणी उलटी केली आणि मागची बाजू कितीतरी वेळ बघत राहिली. मला कोण आठवलं ते लिहीत नाही.

मग डोळे पुसून ती म्हणाली, ‘सगळं आलं ना तुमच्या फोनमध्ये?’ मी म्हटलं, ‘माझ्या? तुमच्या नाही आलं?’ झालं होतं असं की माझा फोन चालू आहे हे बघून तिने बॅटरी वाचवायला तिचा बंद केला होता, आणि तिचा चालू आहे हे बघून मी माझा. दोन व्हिडिओवाल्या, दोन फोन, आणि आयुष्यातलं सर्वात चांगलं भांडण फक्त भिंतींनी ऐकलं! आम्ही ते पुन्हा करायला बसलो. पण तोवर आमची मैत्री झाली होती. ती स्वेटर पोत्यात घालायच्या आधी ‘घालू ना?’ विचारायची आणि मी ‘घाला की’ म्हणायचे. तो व्हिडिओ तुमच्या बंधूंनीसुद्धा शेवटपर्यंत बघितला नाही.

तात्पर्य, कोलॅब म्हणजे दोन उपाशी माणसांनी एकमेकांना जेवायला बोलावणं. पुन्हा कुणाबरोबर म्हणून करणार नाही, कानाला खडा. काल लाँड्रीवाल्यांनी यंत्रासाठी टेबलाची जागा मोजली. टेप माझीच मागून घेतली. मी दिली, आणि मग मागे इस्त्रीच्या कपड्यांआड जाऊन थोडी रडले. पण ते असो. तुम्ही वेळेवर जेवत जा, आणि मुलींना रात्री जरा उशिरापर्यंत गप्पा मारू देत जा.

तुमची भावजय

ता. क. पुन्हा कोलॅब करणार नाही असं वर लिहिलंय, त्यात एक अपवाद आहे. त्या पहिल्या व्हिडिओखाली लोक अजून विचारतात, उलटी बाजू दाखवणाऱ्या बाई कुठे गेल्या? एकाने तर तुम्ही हयात आहात का असं विचारलं. मी उत्तर दिलं, हयात आहेत, रेक्टर झाल्यात. तर सुट्टीत याल का? तोंड दाखवणार नाही, शपथ. फक्त हात आणि आवाज. आणि काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तसं सांगून आजवर कुठे उपयोग झालाय? या वेळी दोन्ही फोन चालू ठेवीन.

ता. क. दुसरा. ‘आठवण फारशी येत नाही’ हे वाक्य खोडायचं राहून गेलं. टॉवेल रोज बघते आणि रोज येते.

ता. क. तिसरा. कसर लागलेली तुमची तपकिरी शाल रफू करून सोबत पाठवत आहे. उलटी करून बघू नका असं सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते. एक टाका मी मुद्दाम वाकडा घातला आहे. कुठला ते पत्रातून कळवू नका, येऊन दाखवा.

ता. क. शेवटचा. पार्सल बांधताना तुमच्या बंधूंनी चष्मा लावून शाल बघितली. वाकडे टाके तीन आहेत म्हणतात. मुद्दाम घातलेला एकच होता. लवकर या.